वळू कोणाकडे आहे?

मित्रांनो, मी एक जुनी घोडी आहे. जुनी म्हणजे किती, ते पूर्वी नालबंद माझे दात बघून सांगायचा. आता बघायला दातच फारसे उरलेले नाहीत. माझा रंग वाळलेल्या गवतासारखा आहे आणि मानेपासून शेपटीपर्यंत पाठीवर एक काळी रेघ आहे. ती आमच्या जातीची खूण. तुम्ही ती कधी पाहिली नसेल, आणि पाहायची असेल तर जरा लवकर या. मी काही आता फार दिवसांची सोबतीण नाही, आणि अशी रेघ घेऊन यापुढे एकही शिंगरू जन्माला यायचं नाही. का यायचं नाही, ते सांगायलाच मी तोंड उघडलं आहे. गोष्ट गोड नाही. गोड गोष्टी हव्या असतील तर गोठ्यातल्या मांजरीकडे जा, तिच्याकडे पुष्कळ असतात.

आमची जात कोणा राजाने हौसेने घडवलेली नाही. जुने लोक सांगायचे ते असं: लष्कराची एक छावणी उठली, तेव्हा एक उंच, देखणा घोडा पायाने लंगडतो म्हणून मागेच सोडून दिला. डोंगरावरून लाकडं उतरवणाऱ्या एका गाडीवानाला त्याची दया आली आणि त्याने त्याला घरी नेलं. घरी होती एक बुटकी, जाड पायांची, महाहट्टी डोंगरी घोडी. ती जोडी बघून लोक पोट धरधरून हसले. मग त्यांना शिंगरू झालं, आणि हसणाऱ्यांची तोंडं बंद झाली. बापाची लांब ढांग आणि आईचे दगडासारखे खूर. बापाचा समजूतदारपणा आणि आईचं मूठभर चाऱ्यावर भागणारं पोट. त्या पोराने सकाळी लाकडं ओढली, दुपारी शेत नांगरलं आणि संध्याकाळी गाडीवानाच्या बायकोला पाठीवर बसवून माहेरी पोहोचवलं. तिच्या मांडीवरचं तान्हं बाळ वाटेत जागंसुद्धा झालं नाही, म्हणे. लोकांनी त्याचं नाव ठेवलं हरकाम्या. पुढे आमची सगळी जातच हरकामी म्हणून ओळखली जाऊ लागली.

शर्यतीच्या घोड्यांचे मालक आम्हाला नावं ठेवायचे. "एक ना धड, भाराभर चिंध्या," असं म्हणायचे. म्हणेनात का! त्यांचे घोडे पाऊस आला की खोकायचे आणि पतंग उडाला की बुजायचे. आमचं तसं नव्हतं. मी नांगर ओढला आहे, दुधाची गाडी ओढली आहे, शाळेची गाडी ओढली आहे आणि माणसांची शेवटची गाडीही ओढली आहे. कोणत्या गाडीला कसं चालायचं, हे मला कधी शिकवावं लागलं नाही. शाळेच्या गाडीला जरा उड्या चालतात. शेवटच्या गाडीला मान खाली घालून चालायचं असतं.

आणि आमची चाल! एवढ्या एका गोष्टीचा मला अजून अभिमान वाटतो. आमचे चारही पाय वेगवेगळे पडतात, त्यामुळे पाठ हलतच नाही. अडलेल्या बाईकडे धावत जायचं असलं की सुईणबाई आमच्याच पाठीवर बसायच्या. गावातला काचवाला खिडक्यांची मोठमोठी तावदानं उभी बांधून न्यायचा, त्यालाही गाडीला हरकामीच घोडा लागायचा. दुसरा घोडा जोडला की काचांचा चुरा ठरलेला.

माझे मालक गाडीवान. घरात माणसं दोनच, बाप आणि लेक. लेक चांगली उंचनिंच बाई झाली, पहाटे दुधाची गाडी एकटी हाकू लागली, तरी बाप तिला चिमणीच म्हणायचा. मला खरारा ती करायची, चंदी ती द्यायची. खरारा करताना सगळ्या गावाच्या तक्रारी माझ्या कानात सांगायची. मालक प्रेमळ होते, पण शब्दाला भारी जपणारे. एकदा कोणाला 'हो' म्हणाले की मग आभाळ कोसळलं तरी 'हो'च.

आता मुद्द्याचं ऐका. घोडा वयात आला की त्याचं दोनपैकी एक काहीतरी होतं. एक तर त्याला तसाच ठेवतात, त्याला वळू म्हणतात. त्याच्यापासून पुढे शिंगरं होतात. नाहीतर त्याला खच्ची करतात. मग तो शांत होतो, निमूट काम करतो, पण त्याचा वंश तिथेच संपतो. वळू पाळणं म्हणजे घरात वादळ बांधून ठेवण्यासारखं असतं. तो दारं फोडतो, चावतो, घोडी दिसली की गाडीसकट निघतो. माझ्या मालकांच्या धाकट्या भावाचा पाय एका वळूनेच मोडला होता. तो भाऊ पुढे जन्मभर खुर्चीत बसून राहिला.

म्हणून आमच्या भागात पिढ्यान्‌पिढ्या एक रीत होती. वळू एकाच घरी ठेवायचा आणि बाकी सगळ्यांनी आपापले नर खच्ची करून टाकायचे. ते घर गिरणीवाल्यांचं. त्यांचं आवार मोठं, भिंती उंच आणि माणसं धीराची. ज्याची घोडी माजावर येई तो तिला गिरणीवर घेऊन जाई. इतरांना कशाची काळजीच नसायची. कोणी विचारलं, "वळू कोणाकडे आहे?" की उत्तर तयार: "आहे की गिरणीवाल्यांकडे!" हे उत्तर लोकांच्या जिभेवर इतकं बसलं होतं की पुढे ते खरं आहे का, हे बघायला कोणी उठेना.

मग गिरणीला विजेची मोटर लागली. रस्त्यावर टेम्पो आले. घोडे कमी झाले. गिरणीवाल्यांचा वळू म्हातारा झाला होता. मला त्याच्याकडे नेलं तेव्हा तो भिंतीला टेकून उभा होता, तरी मला बघून त्याने मान अशी उचलली की काय सांगू! त्यानंतर थोड्याच दिवसांत तो गेला. गिरणीवाल्यांनी विचार केला, आता आपल्याला घोड्यांचं काम उरलं नाही, दुसऱ्या कोणीतरी नवा वळू ठेवला असेलच. त्यांनी कोणाला सांगितलं नाही. आणि कोणी त्यांना विचारलंही नाही.

पुढच्या वर्षी मला शिंगरू झालं. नर. अंगावर सायीसारखे मऊ केस आणि पाठीवर शाईने ओढल्यासारखी काळी रेघ. उभं राहायच्या आधीच धावायला निघालं आणि तोंडावर आपटलं. चिमणी हसून हसून दमली. "अगं बाई, याला केवढी लगबग!" म्हणाली, आणि त्याचं नावच लगबग पडलं. मित्रांनो, मला त्याआधीही शिंगरं झाली होती, पण असं एकही नव्हतं. मी त्याला चालायला शिकवलं नाही. आमची ती चाल त्याच्या पायात आपोआप आली. चिमणीने एकदा त्याच्या पाठीवर पाण्याने भरलेला तांब्या ठेवून त्याला अंगणभर फिरवलं, आणि शेजारीपाजारी बघायला गोळा झाले.

दोन वर्षांत लगबग घोडा झाला, आणि घोड्यासारखा वागूही लागला. कुंपण चावून काढलं. रस्त्यावरून घोडी गेली की असा ओरडायचा की घरातली भांडी वाजायची. एकदा दुधाच्या बाटल्यांच्या रांगेतून आरपार गेला. मालकांनी तेव्हाच ठरवलं. काचवाल्याचा घोडा थकला होता आणि त्याला नवा हवा होता. मालक त्याला 'हो' म्हणून आले.

"थंडी पडली की पेटीवाल्या मामांना बोलावतो," ते चिमणीला म्हणाले. "काचेच्या गाडीला शांत घोडा लागतो."

पेटीवाले मामा म्हणजे घोडे-बैल खच्ची करणारे. ते थंडीतच फिरायचे, कारण थंडीत माशा नसतात आणि जखम चिघळत नाही. वर्षातून एकदाच आमच्या गावात यायचे आणि दुसऱ्या दिवशी पुढच्या गावाला जायचे. चिमणी खरारा थांबवून म्हणाली, "बाबा, याला राहू द्या ना तसाच. वळू हवाच की कुठेतरी."

"आहे की गिरणीवाल्यांकडे!"

"तुम्ही शेवटचा कधी पाहिलात?"

"अगं, असतोच तो तिथे. कुठे जाणार आहे?" मग त्यांचा आवाज बारीक झाला. "तुझ्या काकाचं काय झालं ते विसरलीस का? मला या घरात पुन्हा वळू नको."

पण चिमणीच्या मनातून ते जाईना. मामा यायचे त्या दिवशी दुधाची फेरी आटोपून तिने सायकल काढली. "मी गिरणीवर जाऊन स्वतः बघून येते. वळू असला तर माझं काही म्हणणं नाही. पण मी येईपर्यंत हात लावू देऊ नका."

"हो हो, जा," मालक म्हणाले.

मित्रांनो, ते 'हो' म्हणाले, हे मी माझ्या या कानांनी ऐकलं. मला वाटलं, आता आभाळ कोसळलं तरी काळजी नाही.

पुढचं मला चिमणीने नंतर सांगितलं, गव्हाणीच्या काठावर बसून, माझ्या आयाळीत तोंड खुपसून. गिरणीवर ती गेली तर तबेल्यात पिठाची पोती रचलेली. गिरणीवाले म्हणाले, "आमचा जाऊन तीन वर्षं होत आली की! वीटभट्टीवाल्यांनी ठेवला असेल एखादा." ती नदीकाठी वीटभट्टीवर गेली. भट्टीवाले म्हणाले, "छे, आमचे सगळे खच्ची केलेले. वळू ना? लाकडाच्या वखारीत चौकशी कर, त्यांच्याकडे असणार." वखार गावाच्या पार दुसऱ्या टोकाला. वखारवाल्या काकू लाकडाच्या ढलप्या गोळा करत होत्या. चिमणीने धापा टाकत विचारलं, "काकू, हरकामी वळू कोणाकडे आहे?"

काकूंनी डोळे मोठे केले आणि खो खो हसायला लागल्या. "अगं वेडे! काखेत कळसा अन्‌ गावाला वळसा! वळू तुमच्याच घरी नाही का? तुमच्या घोडीचा पोरगा! आम्ही इकडचे सगळे तेच धरून चाललोय. गाडीवानांनी एक ठेवलाय, आता चिंता नाही."

चिमणीलाही हसू फुटलं. सायकल वळवून ती निघाली. आता बाबांना सांगायचं, सगळ्या गावाची भिस्त आपल्यावर आहे. मग बाबा नाही कसे म्हणतील? काचवाल्याला दुसरा घोडा शोधून देऊ, कुंपण उंच करू, मी स्वतः त्याला सांभाळेन. सगळं तिने पायडल मारता मारता ठरवून टाकलं होतं.

इकडे पेटीवाले मामा दुपारीच आले होते. ते काही वाईट माणूस नव्हते. त्यांनी आधी लगबगच्या कपाळावर हात फिरवला, त्याला गूळ दिला. मग मालकांना म्हणाले, "घोडा झकास आहे हो. नक्की करायचं ना? एकदा केलं की परत जोडता येत नाही."

"जरा थांबू या. लेक गिरणीवर गेली आहे वळू बघायला."

दोघं अंगणात बसले. चहा झाला. दुसरा चहा झाला. सावल्या लांबल्या. मामा आभाळाकडे बघून म्हणाले, "मला उजेड लागतो, गाडीवान. आज नाही तर मग पुढच्या थंडीत."

मालक उठून दारापर्यंत गेले. रस्त्याकडे बघून परत आले. आणि मग ते म्हणाले ते शब्द मी मरेपर्यंत विसरणार नाही. "एवढा उशीर लागला म्हणजे वळू आहे तिथे. नसता तर तोंड पाडून केव्हाच परत आली असती. बसली असेल त्याच्याशी लाडीगोडी करत. करा तुम्ही."

त्यांच्या मनात पाप नव्हतं. उशिराचा त्यांनी चांगला अर्थ लावला, एवढंच.

त्यांनी लगबगला दोरांनी बांधून गवतावर आडवं केलं. मी माझ्या ठाणावरून बघत होते. आणि त्याच वेळी मला घंटी ऐकू आली. माणसांना ऐकू येत नाही इतक्या लांबून घोड्याला ऐकू येतं. चिमणीच्या सायकलची घंटी! ती आनंदात असली की सबंध रस्ताभर घंटी वाजवत यायची. मी जोरात ओरडले. मागच्या पायांनी फळ्या बडवल्या. गळ्याचा दोर ओढून ओढून कातडी सोलून घेतली.

मालक माझ्याकडे वळले. "गप गं, गप. आईचं काळीज आहे, कळतंय मला. काही होत नाही त्याला."

मी ओरडत राहिले. नांगराला, दुधाला, शाळेला, माणसांच्या शेवटच्या गाडीला मी लागले, मित्रांनो, पण 'थांबा' एवढा एक शब्द बोलायला मला येत नव्हतं. हरकामी म्हणे! काय जाळायचं आहे ते हरकामीपण?

चिमणी दारात आली तेव्हा तिच्या तोंडावर हसू होतं. "बाबा, ऐका तर खरं, काखेत कळसा..." एवढंच ती बोलली. मग तिने बादली पाहिली. मामा हात धूत होते.

ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती लगबगजवळ जाऊन खाली बसली आणि त्याचं डोकं मांडीवर घेऊन म्हणाली, "कोणाकडेच नाही, बाबा. हाच होता." मालकांना आधी कळलंच नाही. त्यांनी तिला दोनदा विचारलं, "भट्टीवाल्यांकडे? वखारीत?" मग ते दाराच्या चौकटीला धरून खाली बसले. पेटीवाल्या मामांनी हातातला टॉवेल किती वेळ पिळला, त्यातलं पाणी संपलं तरी पिळत होते. त्या रात्री घरात चूल पेटली नाही.

मालक दुसऱ्या दिवसापासून वळू शोधायला निघाले. खोगीर माझ्याच पाठीवर चढवलं. नदीपलीकडे गेलो, डोंगरापलीकडे गेलो. जिथे जावं तिथे काळ्या रेघेच्या घोड्या होत्या, खच्ची केलेले घोडे होते, आणि तेच एक उत्तर होतं: "आमच्याकडे नाही, पण तुमच्या बाजूला आहे असं ऐकलंय." प्रत्येकाने आपला शहाणपणा केला होता आणि वळू दुसऱ्याच्या भरवशावर सोडला होता. परतताना मालक माझ्या पाठीवर बसत नसत. लगाम हातात धरून शेजारून पायी चालत.

पुढे काही वर्षांनी गुरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई आल्या. आमची जात फार गुणी आहे, ती वाचवली पाहिजे, असं त्या म्हणाल्या. वरातीमागून घोडं म्हणतात ना, इथे घोड्यामागून वरात आली. त्यांनी मला टेपने मापलं, माझे फोटो काढले, आयाळीतले चार केस उपटून काचेच्या नळीत घातले. "यांचं काय करणार?" चिमणीने विचारलं. "जपून ठेवणार," त्या म्हणाल्या. केस जपून ठेवले म्हणून ते चालून दाखवणार आहेत का? बिचाऱ्या बाईंचा दोष नाही. त्यांचेही डोळे भरले होते.

इतर घोड्यांना मग परजातीच्या वळूंकडे नेलं. शिंगरं झाली, देखणीही झाली. काचवाल्याने त्यातलं एक हौसेने गाडीला जोडून पाहिलं. चौकापर्यंत पोहोचायच्या आत अर्ध्या काचा रस्त्यावर होत्या. त्या घोड्या आता एकेक करून गेल्या. म्हणून तर म्हणते, मी शेवटची घोडी.

लगबग अजून काचेची गाडी ओढतो. रोज सकाळी आमच्या दारावरून जातो. गाडीवर उभी तावदानं असतात आणि एकही वाजत नाही. लोक म्हणतात, "काय शांत घोडा आहे!" हा 'शांत' शब्द मला आता ऐकवत नाही. लहानपणी तो उभं राहायच्या आधी धावायला निघाला होता. आता मी हाक मारली तर तो कान माझ्याकडे वळवतो, आणि चालत राहतो. त्याच्या पाठीवरची रेघ कोपऱ्यावर दिसेनाशी होईपर्यंत मी बघत उभी राहते. काचवाला टेम्पो घेणार आहे असं ऐकते. मग तेवढंही बघायला मिळणार नाही.

चिमणी बापाशी बोलते, जेवायला वाढते, औषध देते. पण ती सायकलची घंटी वाजवत येत नाही. मालक आता फार थकले आहेत. दुपारी माझ्या ठाणापाशी बाज टाकून पडतात. अजून कधीमधी लांबून कोणीतरी येतं आणि विचारतं, "इथे हरकामी वळू कोणाकडे आहे हो?" पूर्वी या प्रश्नाला त्यांचं उत्तर तयार असायचं. आता ते बराच वेळ माझ्याकडे बघतात आणि म्हणतात, "आमच्याकडे होता."

मित्रांनो, मला तुमच्याकडून चंदी नको की खरारा नको. एवढंच मागते. ज्याच्यावाचून पुढचं काहीच व्हायचं नाही, ते कोणाकडे तरी असेल असं म्हणून बसू नका, उठून बघा. आणि तुमच्यातलं कोणी बघायला गेलं असेल, तर ते परत येईपर्यंत थांबा. उशीर झाला तरी थांबा. आमची चिमणी कोपऱ्यापर्यंत आली होती.